डॉक्टर व्हिटकॉम्बचा नंबर

रसेल हटालाच्या रक्तदाबाच्या गोळ्या नऊच उरल्या, त्या दिवशी डोरीनने गोळ्यांची बाटली त्याच्यापुढे टेबलावर आपटली. "आज डॉक्टर शोधतोयस, की मी शवपेटीसाठी तुझ्या काळ्या सुटाला इस्त्री करून ठेवू?" ती म्हणाली.

रसेल यंग्सटाउनात शाळेची बस चालवायचा. त्याचे जुने डॉक्टर नाताळात निवृत्त होऊन फ्लोरिडाला मासे पकडायला गेले आणि त्याच महिन्यात शाळेने विमा कंपनी बदलली. नव्या कंपनीने सूर्यफुलाचं चित्र असलेलं सुबक कार्ड पाठवलं. त्यावर डॉक्टरच्या नावाची जागा कोरी होती. औषधाच्या दुकानातल्या कीथने ओळखीखातर एकदा महिनाभराच्या गोळ्या दिल्या आणि हात जोडले. पुढच्या गोळ्या डॉक्टरच्या सहीशिवाय मिळणार नव्हत्या. मागच्या वर्षी चार दिवस गोळ्या चुकल्या, तर रसेल भोवळ येऊन जिन्यातच बसला होता. बसमध्ये अठ्ठेचाळीस पोरं असतात.

कंपनी फक्त स्वतःच्या यादीतल्या डॉक्टरांचेच पैसे भरायची आणि त्या यादीत पंचवीस मैलांच्या आत तेवीस डॉक्टर होते. रसेलला वाटलं, तासाभराचं काम आहे. तो मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात बसला.

पहिले डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या मुलाने हे फार शांतपणे सांगितलं, त्याला सवय झाली असावी. दुसरे फक्त तान्ह्या बाळांना तपासायचे. तिसऱ्यांकडे ही कंपनी चालत होती, पण सूर्यफुलाचं कार्ड चालत नव्हतं, ट्यूलिपचं लागत होतं. चौथ्यांकडची बाई म्हणाली, "या की! अकरा नोव्हेंबरला सकाळी नऊला." तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

नववे होते डॉक्टर लोम्बार्डो, एकोणीस मैलांवरचे. तिथली बाई म्हणाली, "नवे पेशंट बंद केलेत. आमच्या पेशंटच्या घरातलं कोणी असेल तरच घेतो. तुमचं कोणी आहे का आमच्याकडे?"

"नाही हो."

"मग अवघड आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला.

या सगळ्यात भर म्हणून भिंतीवरचा जुना फोन मध्येच वाजायचा. नवीन वर्ष लागल्यापासून त्या फोनला काय झालं होतं कोण जाणे, रोज दोन-तीन राँग नंबर. "डॉक्टर आहेत का?" कोणीतरी खोकत विचारायचं. "नाहीत!" रसेल खेकसायचा आणि रिसीव्हर आदळायचा. गावात सगळेच डॉक्टर शोधत होते आणि वर त्याच्याच डोक्याला ताप.

तीन दिवसांत तेवीस नावं संपली. मोबाइल चार्जिंगला लावला की एक नंबर तो भिंतीवरच्या फोनवरून लावायचा, तो सतत एंगेज लागत होता, त्यावर त्याने शेवटी काट मारली. गोळ्या उरल्या सहा. चौथ्या दिवशी त्याने थेट कंपनीला फोन लावला आणि पाऊण तास फोनमधली तीच ती धून ऐकल्यावर केंड्रा नावाची मुलगी बोलायला आली. तिचा आवाज मधासारखा होता.

"काका, काळजीच करू नका. हे बघा, डॉक्टर व्हिटकॉम्ब! नवे पेशंट घेतात, आणि तुमच्या घरापासून अंतर..." ती थोडी थबकली. "शून्य मैल. किती छान! थांबा, मीच दुसऱ्या लाइनवरून त्यांना विचारते. तुम्ही फोन ठेवू नका."

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. रसेलने मोबाइल एका कानाला तसाच ठेवून दुसऱ्या कानाला रिसीव्हर लावला.

"डॉक्टर व्हिटकॉम्बचा दवाखाना का?" केंड्राने दोन्ही कानांत विचारलं.

"अगं बाई, मी रसेल!"

"काका, एक मिनिट हं, मी दवाखान्याशी बोलतेय."

"दवाखाना नाही, माझं स्वयंपाकघर आहे हे! माझाच नंबर आहे हा!"

केंड्राला पटायला पाच मिनिटं लागली. रसेलने हताशपणे सांगितलं, "निदान यादीतून तो नंबर तरी काढ."

"ते फक्त डॉक्टरांच्या दवाखान्यालाच करता येतं, काका."

"मग मीच दवाखाना समज."

"चालेल. तुमचा वैद्यकीय परवाना क्रमांक?"

रसेलने दोन्ही फोन ठेवले आणि डोकं टेबलावर टेकलं. त्याला रडू यायचंच बाकी होतं. एंगेज लागणारा नंबर कुणाचा होता, हेही आता कळलं. स्वतःचा नंबर लावायची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळे तीन दिवस तो न ओळखता स्वतःलाच फोन करत होता. आणि आजवर ज्यांच्यावर तो खेकसला, ती सगळी माणसं त्याच्यासारखीच दारोदार फिरून दमलेली होती. याचं त्याला फार वाईट वाटलं.

भिंतीवरचा फोन पुन्हा वाजला.

"डॉक्टर आहेत का हो?" एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"नाहीत, बाई. विमा कंपनीने चुकीचा नंबर छापलाय. पण बसा, म्हणजे... बोला. किती जणांना फोन केलेत?"

"एकवीस," बाई म्हणाल्या. त्यांचं नाव मर्टल पिकेट. "तसा मला डॉक्टर आहे म्हणा, लोम्बार्डो. आमचे हे त्यांचे पेशंट होते, म्हणून मलाही घेतलं. पण एकोणीस मैल जायचं कसं? हे गेले, गाडी विकली, बस तिकडे जात नाही. गुरुवारची वेळ आहे, ती चुकणार बघा. म्हणून जवळचा कोणी शोधतेय."

रसेल ताठ बसला. "मर्टलबाई, तुम्हाला भाऊ आहे का?"

"एक होता. वारला. का?"

"मला गाडी चालवता येते," रसेल म्हणाला.

गुरुवारी, बाटलीत दोन गोळ्या उरलेल्या असताना, दोघं लोम्बार्डोंच्या खिडकीपुढे उभे राहिले. मर्टलबाई काळ्या, जेमतेम पाच फूट. रसेल सव्वासहा फूट आणि टोमॅटोसारखा लालबुंद. खिडकीतली बाई नऊशे फोन घेऊन शिणलेली दिसत होती.

"घरातले आहेत? नातं?"

"भाऊ," मर्टलबाई म्हणाल्या.

बाईने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "आई वेगळी का?"

"बापसुद्धा," मर्टलबाई म्हणाल्या.

बाईने एक मोठा सुस्कारा टाकला. "संगणक तेवढं विचारत नाही," असं म्हणून तिने 'भाऊ' टाइप केलं. तासाभराने रसेलच्या हातात वर्षभराच्या गोळ्यांची चिठ्ठी होती. परतताना मर्टलबाईंनी त्याला दोनदा सावकाश चालव म्हणून दटावलं.

घरी येऊन तो बूट काढतो न काढतो तोच भिंतीवरचा फोन वाजला. डोरीन उठत होती, त्याने तिला हातानेच थांबवलं.

"डॉक्टर व्हिटकॉम्ब आहेत का?" कोणीतरी खोकत विचारलं.

"नाहीत," रसेल म्हणाला. त्याने खुर्ची ओढली आणि पेन्सिल घेतली. "पण मला सांगा, तुम्हाला भावंडं किती? बरं. त्यात आणखी दोन धरा."