नानांचं डी, काकूंचं डी

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या अंबादासनानांनी रामराम घालणं सोडून दिलं होतं. माणूस भेटला की ते विचारायचे, "तुमचं डी किती?"

ऐकणारा गोंधळायचा. परंड्याच्या बाजारात एका भाजीवाल्या बाईला वाटलं, हा कोथिंबिरीचा भाव विचारतोय. ती म्हणाली, "धाला दोन." नाना खूश झाले. "दहाला दोन न्हाय बाई, डी. व्हिटॅमिन डी. रक्तात असतंय. मोजून घ्या." मग खिशातून घडी घातलेला कागद निघाला. "आमचं एकतीस."

हे एकतीस ते अशा सुरात सांगायचे, की जणू नातवाला बोर्डात नंबर मिळालाय.

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात जिल्ह्यातली शेतं मोजण्यात गेली. त्यामुळं मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. आमचं घर बांधून झालं तेव्हा ते वास्तुशांतीला आले, हॉलमध्ये चार पावलं टाकली आणि म्हणाले, "सर, तुमचा हॉल ह्या कोपऱ्यात मारतोय. काटकोन न्हाय." जेवणाची पंगत बसली तरी ते भिंतीकडंच बघत होते. गल्लीत भांडण लागलं की नाना मधे उभे राहून सांगणार, "बोलणं नंतर. आधी खुणा दाखवा." खुणा म्हणजे हद्दीचे दगड. नवराबायकोच्या भांडणात हद्दीचे दगड कुठून आणायचे, हे कुणालाच कळत नसे. पण त्या विचारात भांडण मात्र थांबायचं.

तर अशा माणसाच्या रक्तातलं काहीतरी मोजता येतं म्हटल्यावर काय झालं असेल बघा. गावातल्या लॅबमध्ये त्यांनी तपासणी करून घेतली ती थकवा वाटतो म्हणून. थकवा राहिला बाजूला. तिथल्या पोरानं सांगितलं, "नाना, तिसाच्या वर चांगलं. तुमचं एकतीस हाय. बऱ्याच जणांचं तर पंधरा-सोळाच निघतंय."

त्या दिवसापासून नाना गल्लीतले एकमेव डीवाले झाले. "सगळी सावलीत बसणारी मंडळी," ते मला म्हणायचे. "आमच्या खात्यात ऊन फुकट होतं, सर."

अडचण अशी होती, की नानांच्याच घरात त्यांच्या पत्नी सुलोचनाकाकूही राहत होत्या, आणि त्यांचं सगळं अंग दुखत होतं.

काकू फार कमी बोलणाऱ्या. "दुखतंय" एवढंच म्हणायच्या. नाना विचारायचे, "कुठं? खूण दाखव." काकू कमरेला हात लावायच्या. दुसऱ्या दिवशी मांडीला. नंतर खांद्याला. नाना मान हलवायचे. "हद्द सरकतीय. एका जागी ठाम न्हाय. म्हंजे दुखणं न्हाय, वय हाय."

दिवाळीला काकू पुण्याला लेकीकडं गेल्या. लेकीनं तिथं त्यांचं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट आला तोवर काकू परत आल्या होत्या, म्हणून लेकीनं तो नानांच्या मोबाइलवर पाठवला आणि सांगितलं, "बाबा, डॉक्टरांना दाखवा." नानांनी डॉक्टरांना न दाखवता मला दाखवला. मी मराठीचा मास्तर. पण गल्लीत इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडंच येतो.

काकूंचं डी तीस होतं.

नानांनी आपला कागद काढला, मोबाइलशेजारी ठेवला. "एकतीस आणि तीस. संपला विषय. जोडा कसा असावा, सर, तर असा." मग आतल्या बाजूला तोंड करून जरा मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का? तुझं आन माझं सारखंच हाय. मला काय होतंय का?"

आतून भांड्याचा आवाज आला.

मी मात्र मोबाइलवर खाली बोट सरकवत होतो. तिथं लिहिलं होतं, पंच्याहत्तरच्या पुढं पुरेसं, अडीचशेपर्यंत चालतं. नानांच्या कागदावर होतं तीस ते शंभर. मी म्हणालो, "नाना, हे पंच्याहत्तर कुठून आलं?"

नानांनी चष्मा वर केला, खाली केला. "अडीचशे डी कुणाचं असतंय का? छापायची चूक हाय."

"पण पुण्याची लॅब आहे."

"पुण्याचा नकाशा चुकत न्हाय का? म्या स्वतः बघितलाय चुकलेला."

दोन्हीकडं आकड्यापुढं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. एकात एन जी, दुसऱ्यात एन एम का काय. मला वाटलं, कंपन्यांची नावं असतील. चहा आला आणि विषय खरंच संपला.

पौषात एका सकाळी काकू ज्वारी निवडायला खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. भिंतीचा आधार घेतला, खाटेचा घेतला, पाय उचलेचनात. नाना बाहेर कुणाला तरी डी विचारत असणार. माझ्या बायकोनं काकूंची हाक ऐकली, आम्ही दोघांनी मिळून काकूंना उठवलं. तेवढ्यात नाना आले. त्यांनी खूण विचारली नाही. रिक्षा आणायला वळले.

डॉक्टरीणबाईंकडं नेलं तेव्हा मीही सोबत होतो. नानांनी तिथंही दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले. "डी कमी न्हाय तिचं. आमच्या दोघांत एकाचा फरक हाय. तुम्ही दुसरं काय ते बघा."

बाईंनी दोन्ही वाचले. मग पेनाचं टोक त्या बारीक अक्षरांवर ठेवलं. "नाना, मोजायचं माप वेगळं आहे. तुमचं नॅनोग्रॅममध्ये, काकूंचं नॅनोमोलमध्ये. ह्यांच्या आकड्याला अडीचनं भागायचं. तीस नाही, बारा. बरंच कमी आहे. म्हणून पायात बळ नाही, अंग दुखतं."

"अडीचनं," नाना म्हणाले.

"साधारण अडीचनं."

नानांनी आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सर, अडीच एकराचा एक हेक्टर. तीस एकर आन एकतीस हेक्टर म्या शेजारी ठिवलं आन सारखं म्हणलो. असं कुणी कारकुनानं केलं असतं तर म्या त्याला दारात उभं केलं नसतं."

ती बारीक अक्षरं मलाही दिसली होती.

बाईंनी आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली. स्वतःच्या मनानं जास्त घ्यायची नाही, जास्तीचाही त्रास होतो, आणि तीन महिन्यांच्या आत परत तपासायचं नाही, असं नानांकडं बघून सांगितलं. मग काकूंना विचारलं, "तुम्ही उन्हात जाता का कधी?"

काकूंना प्रश्नच कळला नाही. "उन्हात? मी कशाला जाऊ? हे उन्हातून यायचे. मी पाणी घेऊन दारात असायचे."

परतताना रिक्षात नाना उन्हाच्या बाजूला बसले होते, काकू सावलीत. आमची गल्ली आली तसे अर्धवट उठले आणि काकूंना उन्हाकडं सरकवलं. काकू म्हणाल्या, "आता उतरायचंच की."

पुढं उन्हाचा प्रश्न अवघड निघाला. पुड्या काकूंनी घेतल्या, पण गच्चीवर बसायला तयार होईनात. "लोक म्हणतील, म्हातारीला काम न्हाय." मग नाना त्यांच्या शेजारी बसू लागले. बाही कोपरापर्यंत गुंडाळून, चेहरा गंभीर ठेवून. मी खालून विचारलं, "नाना, तुम्हाला काय कमी आहे?" ते म्हणाले, "माझं न्हाय हो. तिला एकटीला करमत न्हाय." त्यांनी बाजारात डी विचारणंही बंद केलं. लोक उलट त्यांनाच विचारायचे, "नाना, डी कसं हाय?" तर हे म्हणायचे, "हाय बरं," आणि पुढं जायचे.

होळी झाल्यावर मी शाळेच्या कामानं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला निघालो होतो. एसटीत बसलो तर समोर नाना आणि काकू. सगळी गाडी सावलीच्या बाजूला दाटीवाटीनं बसलेली, आणि हे दोघं उन्हाच्या बाजूला, खिडकी उघडी टाकून. कंडक्टर म्हणाला, "काका, इकडं सरका, मावशीला ऊन लागतंय."

"लागू द्या," नाना म्हणाले.

मी विचारलं, "वाशीला कुणाकडं?"

"कुणाकडंच न्हाय. जायचं, चहा प्यायचा, यायचं." मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "जिना चढती आता. धरून का हुईना."

काकूंचा उघडा हात खिडकीच्या दांडीवर होता. नाना बोटानं बाहेरचं दाखवत होते. तो ओढा, पलीकडं ती वाडी, ते चिंचेचं झाड, तिथं दुपारी भाकरी सोडायचो. काकू मान वळवून वळवून बघत होत्या. लग्न होऊन इतकी वर्षं परंड्यात काढली, पण हा रस्ता त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिला असावा.

"एवढं सगळं तुम्ही पायी मोजलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," नाना म्हणाले.

गाडीनं एक वळण घेतलं. ऊन काकूंच्या दंडावर आलं, तसा नानांनी त्यांचा पदर थोडा बाजूला सारला.

"तवा तुला आणायचं सुचलं न्हाय," ते म्हणाले.