साहेबांच्या बुटांची काळजी

जावयाला नावं ठेवू नयेत म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी आमचे जावई पाहिलेले नाहीत. माणूस मनाने सोन्यासारखा, पण कामाला हात लावला की मातेरं.

आमच्या घरामागे पाणथळ आहे. वर गवत, खाली पाणी. पावसाचं सगळं पाणी ती पोटात घेते, म्हणून ते आमच्या चुलीपर्यंत येत नाही. बिल्डरला तिथे इमारती ठोकायच्या होत्या. "कोरडी पडीक जागा आहे," असं त्याने वर सांगून ठेवलेलं. माझ्या लेकीने वर्षभर कचेरीचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे साहेब स्वतः बघायला येणार होते. ते पाणथळ म्हणाले तर वाचलो. कोरडी म्हणाले, तर पुढच्या पावसात खाटेवर बसून स्वयंपाक.

जावयांचं बुटांचं दुकान. माणसाचं तोंड नंतर, आधी पाय बघतात. सकाळी लेक शेजाऱ्यांना गोळा करायला गेली आणि यांच्या मनात आलं, साहेबांचे बूट चिखलाने बरबटले तर? झालं! कोपऱ्यावर पाडलेल्या भिंतीचा राडारोडा पडला होता. हातगाडीने आणून पाणथळीत ओतला, ठोकून सपाट केला.

लेक परतली आणि जागीच थिजली.

"हे काय केलंत?"

"वाट केली. साहेबांची टाचसुद्धा ओली होणार नाही."

"अहो, ओली व्हावी म्हणूनच तर बोलावलंय त्यांना!"

घमेली घेऊन आम्ही सगळे उपसायला लागलो. एक दगड वर काढावा, तर दोन खाली रुतावेत. कुंपणापाशी बिल्डर येऊन उभा राहिला होता, दात काढत. तेवढ्यात गाडी आलीच.

साहेब उतरले. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट! लेकीने नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की मला पाणथळीपेक्षा तिच्या संसाराची काळजी लागली.

साहेब त्या वाटेवर चालत गेले. टाच आपटली. खणखणीत.

"बाई, जमीन तर टणक आहे."

आता बिल्डरने नुसतं गप्प राहायचं होतं. पण दुसऱ्याची फजिती पोटात ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही.

"टणक कशी नसेल साहेब? यांनीच केली! पाणथळ वाचवा म्हणून बोंबलायचं, आणि स्वतःच पाणथळीत भराव टाकायचा! गुन्हा आहे हा, लिहून घ्या!"

साहेब सावकाश वळले. "कशात टाकला म्हणालात?"

बिल्डर कुंपणापासून दोन पावलं मागे सरकला.

साहेबांनी वाटेच्या कडेला पाय टाकला. बूट काठापर्यंत आत गेला. "बरोबर बोललात तुम्ही. गुन्हाच आहे. पाणथळीत दगडसुद्धा टाकता येत नाही, मग इमारत कुठली?" मग जावयांकडे बोट केलं. "आणि हा भराव तुम्ही स्वतः काढायचा. शेवटच्या दगडापर्यंत."

गाडी गेली. बिल्डर त्याआधीच गेला होता. लेक रडत-हसत होती, आणि जावई चिखलात उभे राहून छाती फुगवत होते.

"बघितलंत ना आई? शेवटी माझ्यामुळेच वाचली."

मी घमेलं त्यांच्या हातात दिलं.

"जावईबापू, तुमच्या उपकाराने ती बुडत होती, गुन्ह्याने तरली. यापुढे कुणाचं भलं करायचं मनात आलं, तर आधी मला सांगा. मी बाहेरून कडी लावते."