मावशीची खुर्ची, भाच्याच्या भुवया

प्रयोगशाळेत मावशी खुर्चीत बसली होती आणि भाचा तिच्या कपाळावर पट्टा बांधत होता. मावशीच्या हातापायांच्या स्नायूंनी बारा वर्षांपूर्वीच संप पुकारला होता. चेहरा मात्र शाबूत होता, आणि जीभ तर विचारूच नका.

भाच्याने तीन वर्षं खपून बनवलेली ही खुर्ची कपाळाच्या स्नायूंवर चालायची. भुवया वर गेल्या की पुढे, जितक्या उंच तितका वेग. कपाळाला आठ्या पडल्या की जागच्या जागी उभी. मान वळेल तिकडे वळण. मंजुरी देणाऱ्या डॉक्टरीणबाई आज ती पाहायला येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तर खुर्ची आजच मावशीबरोबर घरी, नाही म्हणाल्या तर वर्षभर कपाटाआड. बारा वर्षं मावशी ढकलणारा नेईल तिकडे गेली होती. एकदा माझी मी दाराबाहेर पडेन, मग काय व्हायचं ते होवो, असं ती सकाळपासून तीनदा म्हणाली होती.

आता संशोधकांची एक खोड असते. दुसऱ्याला बांधायचं ते आधी स्वतःला बांधून बघतात. भाच्यानेही सकाळी जुळा पट्टा स्वतःच्या कपाळाला बांधला, खुर्चीशी जोडला, खूश झाला आणि काढायला विसरला. त्यावर त्याची झुलपं आली. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारी माणसं आपण पाहिलीच आहेत.

डॉक्टरीणबाई आल्या. मावशीने भुवया उंचावल्या. खुर्ची ढिम्म. भाचा दचकला, साहजिकच त्याच्या भुवया वर गेल्या आणि खुर्ची सुटली. ते पाहून तो आणखी दचकला, खुर्ची आणखी सुसाटली. त्याने मदतीसाठी बाईंकडे मान वळवली, तर खुर्ची बाईंच्याच मागे लागली. बाई फळ्याआड गेल्या. तो जितका घाबरे तितकी ती पळे, आणि ती पळे तितका तो घाबरे. बंद करायचं बटण खुर्चीच्या पाठीला होतं आणि पाठ काही हाती लागेना.

तिसऱ्या फेरीत मावशीला भाच्याच्या उडत्या झुलपांखाली पट्टा दिसला. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई ती, उत्तर लगेच आलं.

"ते केस आधी काप," ती शांतपणे म्हणाली. "अस्वल दिसतोस."

हा विषय निघाला की भाच्याच्या कपाळाला आठ्या पडायच्याच. खुर्ची थांबली. बाई फळ्याआडून डोकावत होत्या, आणि कपाटाआडचं वर्ष मावशीला नको होतं.

"तसा हुशार आहेस हो तू."

कौतुकाची सवय नसल्याने भुवया हळूच वर गेल्या. खुर्ची निघाली.

"पण आळशी."

थांबली.

"दाराशी कोण आलंय बघ, तुझी ती ग्रंथालयातली मुलगी का?"

भाच्याची मान दाराकडे, भुवया वर. खुर्ची डौलात दाराकडे गेली. दारात कोणीच नव्हतं. आठ्या पडल्या आणि खुर्ची उंबऱ्यापाशी अलगद उभी राहिली.

"काय ताबा आहे," डॉक्टरीणबाई बाहेर येत म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर सहीसाठी पेन टेकवलं.

घाम पुसताना भाच्याच्या हाताला पट्टा लागला. खोटं पचणारा गडी नव्हता तो. त्याने सगळं कबूल केलं. मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं, की वर्गात असता तर फोडूनच काढला असता. बाईंनी कागदावरून पेन उचललं. तुमचा पट्टा काढा, त्यांचा जोडा आणि बाजूला उभे राहा, एवढंच त्या म्हणाल्या.

मावशीने भुवया उंचावल्या. खुर्ची उंबरा ओलांडून गेली, खांब चुकवला, फाटक चुकवलं आणि रस्त्याला लागली. बाईंनी सही केली. आनंदाने वेडा झालेला भाचा मागे धावला.

"मावशी, अगं कुठे निघालीस?"

मावशीने आठ्या घातल्या. खुर्ची थांबली. बारा वर्षं हा प्रश्न लोक ढकलणाऱ्याला विचारत, तिला कोणी विचारलाच नव्हता. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली आणि तिने भुवया उंचावल्या.