टिपणीस आणि बढतीचे लाडू

टिपणीसांना पेढा दिला की ते आधी तो फोडून आत पाहत. मगच विचारत, "कशाबद्दल?" दिल्लीच्या मयूर विहारमध्ये ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत आणि नोएडातल्या आमच्याच टीव्हीच्या कारखान्यात हजेरी सांभाळत. मी तिथेच हिशेब खात्यात. दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सरकारचं नवं आर्थिक धोरण, सगळ्यांबद्दल त्यांचं एकच मत होतं: "यात काहीतरी आहे."

परदेशी टीव्ही बाजारात आले तसे आमच्याकडे टायवाले नवे मॅनेजर आले. एका सकाळी त्यांनी मशीनवरच्या तमाम कामगारांना सुपरवायझर करून टाकलं. छातीवर बिल्ला, हातात लाडू. भाषणात 'फॅमिली' हा शब्द इतक्यांदा आला की मीसुद्धा दोनदा टाळ्या वाजवल्या.

टिपणीसांनी लाडू फोडला. रामसेवक नावाच्या जुन्या ऑपरेटरला त्यांनी गाठलं.

"अच्छा, सुपरवायझर साहब! तुम्हारे नीचे कौन है?"

"नीचे तो मशीन है, बाबूजी."

"तो फिर लड्डू किस बात का?"

मी म्हणालो, "टिपणीस, तुम्ही बारशातही खोट काढाल."

संध्याकाळी लाडवाचं कारण कळलं. सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो, तेव्हा जादा तासांचे दुप्पट पैसे बंद करा, असा साहेबांचा हुकूम आला. रामसेवकने त्याच पैशांच्या भरवशावर मुलीचं लग्न ठरवलं होतं.

ओव्हरटाइम वगळलेल्या हजेरीपत्रकावर टिपणीस सही करेनात. "नाम कुछ भी रखिए," ते साहेबांना म्हणाले, "काम मशीन का है, तो आदमी मजदूर है. टाइम के बाद रोकेंगे तो डबल देना पड़ेगा. वरना लेबर इन्स्पेक्टर को मैं बुलाऊँगा."

"आप किसकी तरफ हैं, टिपणीसजी?"

"किसी की नहीं."

ते खरंच होतं. उद्या रामसेवकने दहा मिनिटं जास्त लिहिली असती, तर त्यालाही त्यांनी सोडलं नसतं.

ओव्हरटाइम चालू राहिला. टिपणीसांना मात्र महिनाअखेर घरी बसवलं.

पुढच्या रविवारी रामसेवक चार-पाच जणांना घेऊन त्यांच्या दारात हजर झाला. टिपणीसांनी दाराची साखळी न काढताच उलटतपासणी घेतली. कोणी पाठवलं? काय हवंय? बऱ्याच वेळाने साखळी निघाली.

थोड्या वेळात आमची बेल वाजली. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे साधी काडेपेटी मागितली नव्हती.

"वहिनी," ते माझ्या बायकोला म्हणाले, "कप मिळतील का? पाहुणे आलेत." मग जिन्याकडे बघत, आवाज उतरवून म्हणाले, "माझ्याकडे एकच आहे."