पंपाचा गळा कोणी धरला?

श्यामसुंदर रेगे स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. एवढंच सांगत, की अंधेरी-कुर्ला रोडवर रोज जेवढी नाकं धूर ओढत जातात, त्यांत गुन्ह्याचा वास येणारं नाक एकच आहे आणि ते आपल्याला बसवलेलं आहे. हे ते सकाळच्या चहाला सांगत, दुपारच्या डब्याला सांगत, आणि कुरिअरवाला नवीन असेल तर सही करता करता त्यालाही सांगत. "मी पोलिसांत असतो ना, तर आज कुठे असतो," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत. खिडकीबाहेर समोरच्या गाळ्याचा एक्झॉस्ट पंखा होता.

कुठे असते, याचं एक उत्तर दर्शना साळवेकडे तयार होतं. पण तिची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, म्हणून ती ते वाकोल्याला घरी गेल्यावर आईला ऐकवायची.

दोघं पाणसाक्षी सिस्टिम्समध्ये कामाला होती. सोसायट्यांच्या पंपरूममध्ये बसवायची एक पेटी ही कंपनी बनवायची. गच्चीवरची टाकी रिकामी होत आली आणि खालच्या टाकीत पाणी असलं, की पेटीतला प्रोग्राम पंप सुरू करतो, वरची टाकी भरली की बंद करतो. प्रोग्राम दर्शनाने लिहिला होता. श्यामसुंदर तिचे वरिष्ठ होते. त्यांनी रिमोट डीबगरचा, म्हणजे दूर बसून चालू प्रोग्राम तपासायच्या साधनाचा, एक ऑनलाइन कोर्स केला होता आणि तेव्हापासून केबिनच्या दारावर 'तपास कक्ष' अशी पाटी लावली होती.

सोमवारी सकाळी मुलुंडच्या नवतरंग सोसायटीचे सेक्रेटरी दादू परब यांचा फोन आला. श्यामसुंदरांनी उचलला. पलीकडून "आज पाणी नाय, तर जरा" एवढं ऐकलं आणि "समजलं, मी बघतो" म्हणून ठेवून दिला. समोरच्याचं पुढचं वाक्य ऐकायची गरज त्यांना सहसा पडत नसे.

"दर्शना," ते म्हणाले, "खून झालाय."

"कोणाचा, सर?"

"पंपाचा. धवलभाईंना बोलाव. बघू दे त्यांनाही तपास कसा करतात ते."

धवलभाई कंपनीचे मालक. त्यांना हार्डवेअर विकता यायचं आणि सॉफ्टवेअरचा आदर करता यायचा. ते तपास कक्षात येऊन उभे राहिले. श्यामसुंदरांनी बोटं मोडली, कीबोर्डवर दोन-चार हुकूम टाइप केले आणि खुर्ची मागे सरकवली.

"आता बघा. पेटी मुलुंडला, आणि आपण इथे. पण त्या पेटीत मी एक खबरी बसवलाय. डीबग सर्व्हर. मी इथून म्हणतो थांबव, की तो तिथे प्रोग्रामचा गळा धरतो. मी म्हणतो सोड, की सोडतो. एकेक पाऊल चालव म्हटलं, तर एकेक पाऊल चालवतो. आणि थांबवल्यावर विचारलं, की प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये काय काय आहे ते सगळं वाचून दाखवतो."

"रजिस्टर ठेवतो तो? हजेरीचं?" धवलभाईंनी विचारलं.

"तसं नाही, धवलभाई," दर्शना म्हणाली. "रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या मुठी समजा. या क्षणी तो ज्या आकड्यांवर काम करतोय ते त्या मुठींत असतात. एका मुठीत, आता कुठल्या ओळीवर आहोत त्याचा पत्ता असतो. प्रोग्राम काउंटर म्हणतात त्याला. पीसी."

"पीसी म्हणजे पोलीस कॉन्स्टेबल नाही ना? बस, मग ठीक आहे."

श्यामसुंदरांनी पंप सुरू करणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवला. म्हणजे प्रोग्राम त्या ओळीवर आला, की पुढे न जाता तिथेच थांबणार आणि अंधेरीहून कोणी 'चालू दे' म्हणेपर्यंत थांबूनच राहणार. दुपारी तो आला, थांबला. श्यामसुंदरांनी सगळ्या मुठी उघडायला लावल्या. पडद्यावर आकड्यांची माळ आली. ते गंभीर चेहऱ्याने "हं" म्हणाले. मग त्यांनी 'चालू दे' असा हुकूम दिला, आणि मुलुंडला पंप घुरघुरत सुरू झाला.

धवलभाईंनी टाळ्या वाजवल्या. "झकास. केस खलास?"

"सुटली असं समजा," श्यामसुंदर म्हणाले. त्यांनी ऐटीत बोट पुढे करून मॉनिटरचं बटण दाबलं, पडदा काळा झाला, आणि केबिनला कुलूप लावून ते घरी गेले.

मंगळवारी नवतरंगमध्ये खरंच पाणी गेलं.

खालची टाकी काठोकाठ भरलेली, वरची ठणठणीत, आणि पंप गप्प. श्यामसुंदर दर्शनाला घेऊन रिक्षाने मुलुंडला पोहोचले तेव्हा पंपरूमसमोर बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या, आणि दादू परब अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत होते.

"ओ साहेब, तो हाताने चालवायचा स्विच आहे ना, तो दाबतो," दादू म्हणाले. "वॉचमन कधीचा दाबूक बघताहा."

"खबरदार. हे घटनास्थळ आहे. बोटांचे ठसे जातील." आणि श्यामसुंदरांनी खिशातून पिवळी पट्टी काढून पॅनेलला आडवी-उभी चिकटवली.

"घटना आणि स्थळ तुमका काय घालायचा ता घाला," दादू म्हणाले, "माका दाढी पुरी करूक पाणी हवा."

श्यामसुंदरांनी लॅपटॉप उघडून पेटीतल्या खबऱ्याशी संपर्क साधला. खबऱ्याने नकार दिला. एका वेळी एकाच मालकाचं ऐकायचं हा त्याचा नियम होता, आणि त्याने साफ सांगितलं, की या प्रोग्रामवर आधीच कोणाचा तरी हात आहे.

श्यामसुंदरांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. ते दर्शनाने प्रत्यक्ष पाहिले.

"हॅकर," ते कुजबुजले.

"सर, कालचा ब्रेकपॉइंट तुम्ही काढला होता ना? आणि डीबगर सोडवला होता?"

"मी सगळं बंद केलं. स्वतःच्या बोटाने."

"तुमच्या मशीनवर एकदा बघू या का? ऑफिसात फोन करून माधुरीताईंना सांगते, त्या केबिन उघडून..."

"तपास कक्षाची किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील," श्यामसुंदर म्हणाले. "पुराव्याला कोणी हात लावायचा नाही."

दिवसभर सिद्धांत जन्माला येत राहिले. पहिला सिद्धांत टँकरवाल्यांचा: पंप पडला की टँकर चालतो, तेव्हा फायदा कोणाचा ते बघा. श्यामसुंदर फाटकावर जाऊन टँकरच्या ड्रायव्हरला म्हणाले, "तुझं सी प्लस प्लस कसं आहे?" ड्रायव्हर म्हणाला, टाकी बारा हजार लिटरची आहे, प्लस काही नाही. दुसरा सिद्धांत परदेशी टोळीचा. हा जेवणापर्यंत टिकला. नवतरंगच्या भांडी न घासलेल्या घरांत कुठल्या देशाला रस असेल, असं दर्शनाने विचारल्यावर ते म्हणाले, "म्हणूनच तर संशय येत नाही."

तिसऱ्या सिद्धांताला दर्शनानेच हातभार लावला. पेटीला जोडणी कुठून झालीय ते तिने शोधून काढलं. पत्ता त्यांच्याच ऑफिसच्या इंटरनेटचा होता.

"सर, हे आपल्या अंधेरीच्या ऑफिसमधूनच आहे. तुमचं मशीन..."

श्यामसुंदरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पत्त्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे, आणि या वेळी डोळे बारीक करून.

"आतला माणूस," ते म्हणाले.

बुधवारी सकाळी श्यामसुंदरांच्या लॅपटॉपवरून ऑफिसमधल्या सगळ्यांना ईमेल गेली. 'नवतरंग पंप प्रकरणी तपासाचा रोख दर्शना साळवे यांच्याकडे वळला आहे. कर्मचाऱ्यांनी त्यांच्याशी प्रकरणाबाबत बोलू नये.' दर्शनाने ती वाचली तेव्हा शेजारच्या माधुरीताईंनी डब्यातली थालीपिठाची चतकोर तिच्यापुढे सरकवली आणि लगेच मान वळवून घेतली. नोकरी पक्की व्हायची होती ती याच महिन्यात. आईने शेजारी सांगून ठेवलं होतं.

दुपारी तपास कक्षात बैठक बसली. धवलभाई दाराशी उभे. दादू परब मुलुंडहून आलेले, अर्ध्या दाढीची आता खुंटं झालेली, आणि हातात निषेधाची म्हणून आणलेली रिकामी लोखंडी बादली. खोलीत खुर्ची एकच चांगली होती, श्यामसुंदरांची. दादू विचारपूस न करता तीत बसले. श्यामसुंदरांना उभ्यानेच भाषण करावं लागलं. ते त्यांना आवडलं.

"पहिला मुद्दा. पंप सुरू करायची ओळ कोणी लिहिली? दर्शनाने. दुसरा मुद्दा. हल्ला कुठून झाला? याच ऑफिसमधून. आणि तिसरा. मी पंपरूममध्ये तपास करत असताना हिने मला काय विचारलं? ब्रेकपॉइंट काढला का. धवलभाई, ब्रेकपॉइंटमुळेच पंप अडलाय हे गुन्हेगाराशिवाय कोणाला माहीत असणार?"

"मग तो ब्रेकपॉइंटमुळे अडलाय हे तुम्हाला मान्य आहे," दर्शना म्हणाली.

"मी फक्त तुझी मानसिकता सांगतोय."

"दर्शना, बेटा," धवलभाई म्हणाले, "तू काही केलं असेल तर आत्ता सांग. बाहेर जायला नको."

तिला त्या 'बेटा'चा जास्त राग आला. ती काही बोलणार तेवढ्यात दादू परबांचा संयम संपला. "पंधरा मिनिटां झाली, माझी बायल राधा गच्चीवर जाऊन टाकीत डोकावताहा आणि तुम्ही हय मानसिकता काढतास," असं म्हणत त्यांनी मांडीवरची बादली उचलून धाडकन समोरच्या टेबलावर ठेवली. टेबलावर कागद पसरलेले होते, कागदांखाली श्यामसुंदरांचा कीबोर्ड होता.

मिनिटभरात दादूंचा फोन वाजला.

"हां, राधा. काय?" त्यांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा सैल पडत गेला. "पंप सुरू झालो? आपोआप? आत्ता?" त्यांनी फोन कानापासून दूर केला. पलीकडून टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आणि बायकांची गडबड सगळ्यांना ऐकू आली.

"बघितलंत," श्यामसुंदर म्हणाले. "माझी उलटतपासणी सुरू झाली आणि गुन्हेगार हादरला."

दर्शना टेबलाजवळ गेली. तिने कागद बाजूला सारले. बादलीचा काठ कीबोर्डच्या उजव्या कडेला, बरोबर एंटरवर बसला होता. तिने मॉनिटरचं बटण दाबलं.

पडद्यावर सोमवारचा डीबगर जसाच्या तसा उघडा होता. मंगळवारी सकाळपासून प्रोग्राम ब्रेकपॉइंटवर येऊन थांबलेला, पीसी त्याच ओळीवर, आणि त्याखाली, प्रोग्राम आत्ताच पुढे सुटल्याची नोंद.

"सर, तुम्ही काय बंद केलंत सोमवारी?"

"मशीन."

"तुम्ही मॉनिटर बंद केलात. मशीन चालूच राहिलं. डीबगर प्रोग्रामचा गळा धरून बसला होता, आणि मुलुंडला पंप सुरू करायची वेळ आली की तो प्रोग्राम तुमच्या परवानगीसाठी थांबत होता. लॅपटॉपवरून तुम्हाला नकार आला, कारण खबरी आधीच तुमच्या ताब्यात होता." तिने बादली उचलून खाली ठेवली. "रिकामं एंटर दाबलं की हा डीबगर शेवटचा हुकूम पुन्हा पाळतो. तुमचा शेवटचा हुकूम होता 'चालू दे'. तोच परबकाकांच्या बादलीने दिला."

धवलभाईंनी पडद्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि श्यामसुंदरांकडे बघायचं टाळलं. या तपासाचा पगार तेच देत होते.

"पण पहिला खून," श्यामसुंदर म्हणाले. "सोमवारी सकाळी पंप बंद होता. तेव्हा तर माझा डीबगर नव्हता."

सगळे दादूंकडे वळले.

"सोमवारी?" दादू म्हणाले. "सोमवारी नाक्यावर पाइप फुटलेलो. अख्ख्या गल्लीक पाणी नव्हता. मी फोन केला तो विचारूक, की वरच्या टाकीत किती उरलाहा ता तुमच्या मशिनीवर दिसता काय. तुम्ही म्हणालात, समजलं. माका वाटला, खरंच समजलं."

श्यामसुंदरांनी कॉलर नीट केली.

"तरी एक गोष्ट कोणी नाकारू शकत नाही," ते म्हणाले. "आतलाच माणूस आहे, हे मी कालच सांगितलं होतं."

दादू बादली घेऊन उठले. दाराशी थांबून दर्शनाला म्हणाले, "गो बाय, ती पिवळी पट्टी काढूची का? वॉचमन घाबरता." "काढा, काका," ती म्हणाली, "आणि स्विच तुमचाच आहे."

धवलभाईही निघाले. "चला, झालं गेलं. टीम आहे आपली. जाऊ दे ना, दर्शना."

"सगळ्यांना ईमेल गेलीय, धवलभाई. आता माफीचीही सगळ्यांना जाऊ दे."

धवलभाई मान डोलावून लगबगीने बाहेर पडले. दर्शनाने आधी डीबगर सोडवला, ब्रेकपॉइंट काढला, मुलुंडचा प्रोग्राम मोकळा केला. मग खुर्ची श्यामसुंदरांकडे वळवली. ते बसले. ती त्यांच्या मागे उभी राहिली.

त्यांनी टाइप केलं, 'पुराव्याअभावी दर्शना साळवे यांना सोडून देण्यात येत आहे.'

"थांबा," ती म्हणाली. "खोडा."

त्यांनी खोडलं. 'काही तांत्रिक कारणांमुळे.'

"थांबा. कोणाच्या?"

'माझ्या.'

"पुढे."

'माझ्या डीबगरमुळे पंप बंद पडला. दर्शना साळवे यांचा यात' इथे त्यांची बोटं अडली. त्यांनी वळून पाहिलं. दर्शना पडद्याकडे बघत होती, घाई नसल्यासारखी.

'काहीही दोष नव्हता. मी त्यांची माफी मागतो.'

तिने सगळं पहिल्यापासून एकदा सावकाश वाचून काढलं.

"आता चालू दे," ती म्हणाली, आणि त्यांनी एंटर दाबलं.