काकवीची आरास

भाड्याच्या खोलीत आरास करायची असेल तर माझ्याकडं यावं, असं मी एकेकाळी सगळ्या बारामतीला सांगत फिरायचो. एकही खिळा न मारता, भिंतीचा टवका न उडवता, घरात जे पडलंय त्यातूनच! आता सांगत नाही. का सांगत नाही, ते ऐका.

आमच्या दोन खोल्या धोंडाबाईंच्या. पुढं बसायची, मागं स्वयंपाकघर, मधल्या दाराला पडदा. धोंडाबाईंना आम्ही मावशी म्हणत होतो, पण त्यांचा धाक सासूचा. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"भिताडाला खिळा मारायचा न्हाय. माझ्या हातचा चुना हाय त्यो."

झालं. तीन वर्षं आमच्या टोप्या, कंदील, देवाची तसबीर, सगळं जमिनीवर भिंतीला टेकून उभं. आरसासुद्धा. रोज सकाळी मला उकिडवं बसून दाढी करावी लागायची. हनुवटीखालचं काही दिसायचं नाही, ते अंदाजानं.

मावशींच्या मालकांना, तात्याबांना, साडेसाती लागली होती. कुणा जोशानं सांगितलं, रोज काळ्या मुंग्यांना कणीक-साखर घाला, साडेसाती हलकी जाईल. तेव्हापासून पाच वर्षं मावशी एक दिवस न चुकता आमच्या भिंतीला लागून असलेल्या लिंबाच्या बुडाशी चिमूटभर कणीक-साखर घालत आल्या होत्या. तात्याबा जेवले की नाही हे एखादेवेळी मावशींना ठाऊक नसायचं, पण मुंग्या जेवल्या की नाही हे पक्कं ठाऊक असायचं.

तर त्या चैत्रात एक दिवस मावशी दारात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "लोणी भापकरचा माझा भाचा हाय न्हवं, गेणू? कारखान्यात लागलाय. लगीन ठरलंय त्याचं. त्याला बारामतीत जागा पायजेल. अजून शब्द दिला न्हाय मी. अक्षय तृतीयेला काय ते सांगते."

त्या गेल्या आणि माझी बायको रतन मटकन खालीच बसली. दारात आड, शेजार चांगला, आणि मी ज्या गुळाच्या अडतीवर दिवाणजी होतो ती पाच मिनिटांवर. अशी जागा पुन्हा कुठली मिळायला?

पण रतन वडगाव निंबाळकरची. फार वेळ बसून राहणारी नव्हे.

"आपण चैत्रगौर मांडू," ती म्हणाली. "हळदीकुंकू करू. मावशींना पहिला मान. घर कसं ठेवलंय ते त्यांच्या डोळ्यांनी त्यांना दिसू दे. गेल्या साली मास्तरीणबाईंनी मांडली होती, केवढी आरास होती!"

"मास्तरीणबाईंच्या भिंतीला चाळीस खिळे आहेत."

"म्हणून तर तुमाला इचारते. न्हाय जमणार का?"

न्हाय जमणार का! असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "असली आरास करीन की मास्तरीणबाई स्वतःचे खिळे उपटून काढतील."

विषय मी ठरवला, 'गौरीचं माहेर'. आमच्या ट्रंका आणि धान्याचे डबे एकावर एक रचून पायऱ्या केल्या, वर धुतलेलं धोतर पसरलं. रतनचं जुनं लुगडं सुतळीनं तुळईला बांधून वर छत केलं. गौर बसायला जागा झाली. आता मागच्या भिंतीवर माहेर उभं करायचं होतं. पतंगाच्या कागदाचं घर कापलं, निळ्या कागदाचा कालवा कापला, उसाचा फड कापला आणि चार बैलगाड्या. बैल जरा शेळीसारखे झाले, पण शिंगं मोठी लावल्यावर ओळखू यायला लागले.

चिकटवायचं कशानं?

"कणकेची खळ लावली तर?" मी म्हणालो.

"वाळली की चुना घिऊन निघंल. मग गौरीसंगट आपलीबी बोळवण."

मी विचारात पडलो. आणि बसल्या बसल्या मला सुचलं. काकवी! गूळ होण्याआधीचा तो दाट पाक. घरात मडकंभर होती, रतनच्या भावानं वडगावच्या गुऱ्हाळावरून आणून दिलेली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कागदाचा तुकडा काकवीनं लावून बघितला. पक्का बसला. ओल्या फडक्यानं पुसला, चुन्याला ढिम्म काही झालं नाही. मला माझाच अभिमान वाटला.

"मुंग्या लागतील की ओ," रतन म्हणाली.

मी हसलो. "अगं, दहा वर्षं मी गुळाच्या ढेपांत बसतोय. मला कधी मुंगीचा त्रास झाला नाही."

हे खरंच होतं. आमच्या अडतीवर मुंगळे इतके, की बसताना गादी झटकायची आणि जेवताना डबा झटकायचा हे हाताला सवयीनंच होऊन गेलेलं. मासा पाणी मोजत नाही, तसा मी मुंग्या मोजत नव्हतो.

हळदीकुंकू शुक्रवारी ठरलं होतं, मी सोमवारीच आरास लावून मोकळा झालो.

गुरुवारी सकाळी मावशी लिंबाखाली कमरेवर हात ठेवून उभ्या दिसल्या. तोंड उतरलेलं.

"काय झालं मावशी?"

"तीन दिस झालं, एक मुंगी न्हाय. कणीक तशीच पडलीया." त्यांनी कणकेकडं बोट दाखवलं. "काल तात्याबांच्या हातनं च्याची बशी पडली. आज पाय मुरगाळला. पाच वरसं मी नेम चालिवला, आन आता कुटं माशी शिंकली? कुनाचा पायगुन म्हनायचा ह्यो?"

आणि त्यांनी आमच्या दाराकडं बघितलं.

मी घरात येऊन रतनला सांगितलं. ती म्हणाली, "आता तर काय बी कमी पडता कामा नये." मलाही पटलं. मी लगेच पताकांच्या आणखी दोन माळा केल्या आणि मडक्यात उरली होती ती काकवी सकाळ-संध्याकाळ दोन हात देऊन भिंतीला फासली. रतन आत फराळात गुंतलेली, आणि मुंग्या लिंबाखालून गेल्या कुठं, हा विचार माझ्याही डोक्यात आला नाही. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी दुपारी बायका जमल्या. पुरुषमाणसाचं तिथं काय काम? पण स्तुती ऐकल्याशिवाय माझा पाय घरातून निघेना. मी पन्हं ढवळायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पडद्याआड बसलो.

मास्तरीणबाई, म्हणजे भागूबाई, पहिल्या बोलल्या. "अगं रतन, कागदांच्या कडेकडेनं ही काळी नक्षी केवढी बारीक गं! कशानं काढली?"

मी कसलीही नक्षी काढलेली नव्हती. पण दारात चालून आलेली स्तुती परतवून लावू नये असं माझं मत आहे.

"बोरूनं!" मी पडद्याआडून सांगितलं. "दोन दिवस खपत होतो."

"हात आहे हो तुमच्या मालकांना," भागूबाई म्हणाल्या.

मग शेजारची कौसल्या ओरडली, "अगं बया! बैलगाडी चालाया लागली!"

मी पडद्याच्या फटीला डोळा लावला. उन्हानं काकवी पातळ झाली होती आणि एक गाडी खरोखरच कालव्याच्या कडेनं उताराला लागली होती. बायका खूष.

"भावजी, किल्ली कुटं बसिवली?" कौसल्येनं विचारलं.

"ते गुपित आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात मावशी आल्या. तोंड एवढंसं झालेलं. रतननं हळदकुंकू लावलं, पाटावर बसवलं, हातात आंब्याच्या डाळीची वाटी दिली. मावशींनी वाटीला हात लावला नाही.

"रतन," त्या म्हणाल्या, "तृतीयेपतुर थांबायचं न्हाय आता. आजच सांगते. ह्या घरात कायतरी—"

नेमकी त्याच वेळी भागूबाईंनी नक्षी जवळून बघायला बोट लावलं. नक्षी बोटावर चढली. मनगटावरून बांगड्या ओलांडून कोपराला पोचली तेव्हा भागूबाईंना कळलं, आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती कऱ्हा नदीपलीकडं गेली असेल. त्या मागं सरल्या त्या कौसल्येवर, कौसल्या आधाराला धरायला गेली ती सुतळी. छत खाली आलं. लुगड्याखाली पाच बायका आणि गौर. बाकीची नक्षी डाळीच्या दिशेनं निघालेली. मी धावलो, हातात पन्ह्याचं पातेलं तसंच. पडदा पायात आला, आणि सगळं पन्हं भिंतीवर!

कागदांनी भिंत सोडली. घर गेलं, फड गेला, चारी बैलगाड्या गेल्या. मागं राहिली ती नुसती काळी भिंत. हलणारी. लिंबाखालच्या मुंग्या होत्या, त्यांचे सगेसोयरे होते, आणि इंदापुराकडून आलेले पाहुणेही असावेत.

रतनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिच्याकडं बघून मला इतकी लाज वाटली, की पातेल्यात तोंड घालून बसावंसं वाटलं. जागा माझ्या शहाणपणानं गेली होती.

मावशी उठल्या. हळूहळू भिंतीपाशी गेल्या, वाकून बघितलं, आणि दोन्ही हात जोडले.

"माझ्या मुंग्या," त्या म्हणाल्या. "मी लिंबाखाली वाट बघतीया, आन ह्या हितं हळदीकुंकवाला."

मी घाईघाईनं ओलं फडकं उचललं. "मावशी, आत्ता पुसून काढतो."

"खबरदार! एक जरी मेली तर तात्याबांचं काय हुईल? ठिवा ते फडकं." मग माझ्याकडं वळून हलक्या आवाजात विचारलं, "तुमी काय घातलंसा यांना?"

"काकवी."

"रोज?"

"काल दोनदा."

"दोनदा," मावशींनी पदर डोळ्याला लावला. "आन मी पाच वरसं चिमूट घालतीया. त्या कशाला ऱ्हातील माझ्यापाशी?"

"मावशी," रतन डोळे पुसत म्हणाली, "मग आमच्या जागेचं?"

"तुमी कुटं जाताय? गेणू कारखान्यात साखर करील, पर मुंगीला दाणा घालायचा न्हाय त्यो. त्याला दुसरीकडं बघाया सांगते. तात्याबांची साडेसाती सुटंस्तवर तुमी हितनं हलायचं न्हाय."

साडेसातीची अडीच वर्षं उरली होती. त्या दिवसापासून ती माझ्याकडं आली म्हणा ना. खाटेचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, आम्ही दोघं खाटेवर, जेवणही खाटेवरच. पण जागा राहिली. रतन तेवढ्यावर खूष होती आणि ती खूष म्हणून मी गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी हातोडी आणि बोटभर लांब खिळा घेऊन आल्या.

"मारा हितं, मधोमध," त्या म्हणाल्या. "काकवीचं मडकं टांगाया."

तीन वर्षांत पहिला खिळा! मी हातोडी मारली आणि परातीएवढा पोपडा खाली आला. मी मावशींकडं बघितलं.

"असू दे," मावशी म्हणाल्या. "मुंग्यांना वाट झाली."

त्यांचा एवढा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. संधी साधून मी म्हणालो, "मावशी, त्याच्या शेजारी आणखी एक बारका खिळा मारू का? आरशाला?"

मावशींनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली.

"भिताडाला खिळा मारायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचा चुना हाय त्यो."