फेर धरणारी संख्या

मंडळी, गणिताला नाचवून दाखवणारा माणूस अख्ख्या दिग्रसात मीच, अशी माझी खात्री होती. ती ठेवणं भागच होतं. कापसाचे भाव पडले, शाळेतली पोरं गळाली, आणि गणिताच्या दोन मास्तरांपैकी एकालाच ठेवायचं संस्थेनं ठरवलं. मी किंवा चारुदत्त. निवडणार अध्यक्ष भगवानराव. त्यांचं कापसाचं जिनिंग बंद, त्यामुळे दिवसभर आम्हालाच पिंजायचे.

माझ्याकडे हुकमी संख्या होती: १४२८५७. तिला दोनापासून सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा आकडे त्याच क्रमानं येतात, फक्त सुरुवात सरकते. मुली गोल धरून गातात, तो थेट भुलाबाईचा फेर! सहा मुलींच्या पाठीवर आकडे बांधले. जिच्या हाती दिवा, तिच्यापासून वाचायचं. गाणंही रचलं:

एक गं सई चाराला बोलवी,
चार गं सई दोनाला झुलवी,
दोन आठाला, आठ पाचाला,
पाच साताला, सात एकाला…

अध्यक्षांसाठी शाळेत ठेवलेल्या कार्यक्रमाला माझा पाय जागेवर ठरेना. तेवढ्यात शिपाई बिजलीबाईंनी अध्यक्षांना हार घालून फेराच्या मधोमध खुर्चीत बसवलं.

"मानाचं माणूस मधातच बसते, मास्तर."

मुलीही गुणी. मधल्या पाहुण्यांना दिसावेत म्हणून पाठीवरचे आकडे त्यांनी छातीवर घेतले.

दिवा एकाकडे होता. अध्यक्षांनी संख्या वाचली, म्हणाले, "सहानं गुणा." गाणं सुरू झालं, फेर फिरला, दिवा आठाकडे गेला.

"चूक," अध्यक्ष म्हणाले. "सात आकडे येतेत. पोरी सहाच. आन त्यात शून्य हाय, ते कोणाच्या गळ्यात हाय?"

"साहेब, उत्तर बरोबर आहे."

"मंग म्या चुकलो?"

चारुदत्त रुमालात खोकला. मी मुलींच्या हाताखालून वाकून आत शिरलो आणि गार पडलो. बाहेरून सरळ दिसणारी ओळ आतून उलटी! साहेबांनी १७५८२४ गुणले होते.

"साहेब, जरा बाहेरून वाचता का?"

"हार घालून बसवलं, आन आता उठवता?"

"गाणं सरल्याबिगर मधातलं माणूस उठत नसते," बिजलीबाईंनी मलाच दटावलं.

"मुलींनो, मागे फिरा!"

बाहेर ८५७१४२ झळकले, टाळ्या पडल्या. आत अध्यक्षांना सहा वेण्या दिसल्या. आणि गाणं संपेना. सातावरून परत एकावर येणारं गाणं मीच रचलं होतं. त्याला शेवटच नव्हता! मुली गरगर फिरत राहिल्या. अध्यक्ष आधी घड्याळ बघत होते, मग चपलेनं ताल धरू लागले, मग चक्क टाळ्या द्यायला लागले. मुली दमून मटकन बसल्या, तेव्हा कुठे सुटका झाली.

"मास्तर," हार काढत ते म्हणाले, "गणित तुमचं काही खरं नाही. पण गाणं लय साजरं हाय. ठेवून घेतो तुमाले."

मी हात जोडले.

"गणित चारुदत्तकडं. तुमी गाणं शिकवा."

घरी बायको सुमेधा दारातच उभी होती. "राह्यली का नोकरी?"

"राहिली."

"मंग तोंड असं काहून?"

शाळेतून खांद्यावर वाहून आणलेली पेटी मी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "हिच्यात हवा कुठून भरतात, तुला माहीत आहे का?"